विषाणूसंसर्ग आणि पचनसंस्थेचे कर्करोग: दोहोंची समाईक जोखीम कशी शोधावी आणि कशी कमी करावी

अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार या अवयवांच्या कर्करोगांबद्दल बोलताना आहार, दारू आणि तंबाखू यांचा उल्लेख हमखास होतो; विषाणूंचा मात्र क्वचितच होतो. विषाणूसंसर्गाबद्दल बोलताना याच्या नेमके उलट घडते: ताप, कावीळ, खोकला यांची चर्चा होते, पण त्याच संसर्गाने वीस-तीस वर्षांनी यकृतात काय होऊ शकते, किंवा ज्या सवयीमुळे फ्लू गंभीर होतो तीच सवय स्वादुपिंडालाही कशी भोवते, हे सहसा कोणी सांगत नाही. या दोन्ही धोक्यांची कारणे बऱ्याच अंशी एकच आहेत. ती एकत्र मांडून पाहिली तर काय आधी करायचे आणि कशात वेळ घालवायचा नाही हे ठरवणे सोपे जाते. हा लेख त्या मांडणीसाठी आहे. रोगनिदान आणि औषधे हा डॉक्टरांचा अधिकार आहे. त्यांच्यासमोर नेमकी माहिती आणि नेमके प्रश्न घेऊन बसता यावे, एवढीच तयारी येथे सुचवली आहे.

आधी दोन नाती वेगळी करा

विषाणू आणि कर्करोग यांचे नाते दोन प्रकारचे असते आणि ते दोन प्रकार एकमेकांत मिसळले की विनाकारण घबराट तरी होते किंवा नको तिथे निर्धास्तपणा तरी येतो.

पहिल्या प्रकारात विषाणू हेच कर्करोगाचे कारण असते. हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंमुळे यकृताचा कर्करोग होतो. ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजेच एचपीव्हीमुळे, गुदद्वाराचे बहुसंख्य कर्करोग होतात आणि त्यांत १६ क्रमांकाच्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा असतो. जठराच्या सुमारे १० टक्के कर्करोगांमध्ये एपस्टाइन-बार विषाणू पेशींच्या आत आढळतो. जगभरात २०१८ साली झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे २२ लाख, म्हणजे साधारण १३ टक्के, संसर्गांमुळे झाले असा अंदाज आहे. त्यांतले सुमारे ८ लाख १० हजार हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जिवाणूमुळे, ३ लाख ६० हजार हेपॅटायटिस बीमुळे आणि १ लाख ६० हजार हेपॅटायटिस सीमुळे होते. हेलिकोबॅक्टर हा विषाणू नव्हे, जिवाणू आहे; तरीही या विषयात त्याला वगळून चालत नाही, म्हणून पुढे त्याचाही विचार केला आहे.

दुसऱ्या प्रकारात विषाणू कर्करोग घडवत नाही, मात्र एकच घटक दोन्ही आजारांना वाट करून देतो. लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू, दारू, वाढते वय आणि दुबळी रोगप्रतिकारशक्ती हे असे घटक आहेत. इन्फ्लुएन्झा आणि कोविड-१९ यांचे नाते या दुसऱ्या प्रकारचे आहे. कोविडचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या ग्राहकाला चिकटून पेशीत शिरतो, तो ग्राहक लहान आतड्याच्या अस्तरावर भरपूर असतो, आणि कोविडमध्ये अनेकांना जुलाब, मळमळ का झाली याचे उत्तर काही अंशी त्यातून मिळते; परंतु कोविडमुळे पचनसंस्थेचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढची प्रत्येक कृती कशासाठी करायची ते नीट कळते.

एका कागदावर स्वतःचा इतिहास लिहा

रक्ताच्या तपासण्या करण्याआधी अर्धा तास काढून स्वतःच्या संपर्काचा इतिहास लिहावा, कारण डॉक्टरांच्या खोलीत घाईत विचारल्यावर यातले निम्मे आठवत नाही. आईला किंवा भावंडांना हेपॅटायटिस बी होता का? घरात कुणाला यकृताचा कर्करोग, सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याचा आजार) किंवा पोटात पाणी होण्याचा आजार झाला होता का? स्वतःला कधी रक्त चढवले गेले, डायलिसिस झाले, मोठी शस्त्रक्रिया झाली, सुई पुरेशी निर्जंतुक होती की नाही अशी शंका असलेले इंजेक्शन, टॅटू किंवा कान टोचणे झाले का? हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यामुळे त्यापूर्वी चढवलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी होणे शक्यच नव्हते आणि अनेक ठिकाणी ती नियमित व्हायला नंतरही काही वर्षे गेली. त्या काळात रक्त घेतलेल्या व्यक्तीने हे आवर्जून लिहावे.

त्याखाली दुसरा भाग लिहावा: तंबाखू कोणत्या स्वरूपात आणि किती वर्षे, दारू आठवड्यातून किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती, मधुमेह आहे का, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का, आणि जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाला कोणत्या वयात पचनसंस्थेचा कर्करोग झाला. दारूबद्दल कमी लिहिण्याचा मोह होतो. या कागदावर तरी तो टाळावा, कारण पुढची बरीचशी गणिते त्याच आकड्यावर अवलंबून असतात.

जे एका रक्त तपासणीत कळते ते आधी संपवा

माझ्या मते या संपूर्ण विषयात सर्वाधिक फायदा देणारी आणि सर्वाधिक दुर्लक्षित कृती म्हणजे हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी. वजन कमी करायला वर्ष लागते, व्यसन सोडायला अनेक प्रयत्न लागतात. ही तपासणी मात्र एकदा रक्त देऊन होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक दीर्घकालीन हेपॅटायटिस बीसह आणि ५ कोटी लोक हेपॅटायटिस सीसह जगत होते, आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांना त्याची कल्पनाही नव्हती. कावीळ कधी झाली नाही म्हणजे यकृत सुरक्षित आहे, हा समज येथे घातक ठरतो. बाळपणी झालेला हेपॅटायटिस बी बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तान्हेपणी संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के बालकांत तो कायमचा ठाण मांडतो, तर निरोगी प्रौढ माणसात असे होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणूनच ज्यांना कधीच काही झाले नाही अशांचाच तपास महत्त्वाचा ठरतो.

हेपॅटायटिस बीसाठी एकच नव्हे, तीन चाचण्या एकत्र मागाव्यात. पहिली एचबीएसएजी: विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन रक्तात आहे का ते ती सांगते. दुसरी अँटी-एचबीसी: हा विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला आहे का ते त्यातून कळते. तिसरी अँटी-एचबीएस: संरक्षक प्रतिपिंडे आहेत का, हे ती दाखवते. अहवाल हाती आला की या तीन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. तिन्ही नकारात्मक असतील तर संसर्गही नाही आणि संरक्षणही नाही. अशा व्यक्तीने लस घ्यावी. फक्त तिसरी सकारात्मक असेल, आणि प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर १० मिलि-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून अधिक असेल, तर ते लसीमुळे मिळालेले संरक्षण आहे. दुसरी आणि तिसरी सकारात्मक, पण पहिली नकारात्मक असेल, तर संसर्ग होऊन गेला आणि शरीराने त्यावर ताबा मिळवला. येथे एक गोष्ट विसरू नये: अशा व्यक्तीच्या यकृतपेशींत विषाणूचा डीएनए सुप्त अवस्थेत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू झाले की तो पुन्हा जागा होऊ शकतो. केवळ दुसरीच चाचणी सकारात्मक आली, तर त्याचे अनेक अर्थ संभवतात आणि तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. पहिली सकारात्मक असेल तर संसर्ग सध्या चालू आहे; ती सहा महिन्यांहून अधिक काळ सकारात्मक राहिली की त्याला दीर्घकालीन संसर्ग म्हणतात.

हेपॅटायटिस सीसाठी आधी प्रतिपिंडांची चाचणी होते. ती सकारात्मक आली म्हणजे विषाणू आजही आहे असे नव्हे, कारण काही लोकांचे शरीर त्याला स्वतःहून हुसकावून लावते आणि तरी प्रतिपिंडे मागे राहतात. म्हणून त्यानंतर विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याची, चाचणी करावीच लागते. केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीवर थांबून 'हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह' असा शिक्का स्वतःवर मारून घेणारे अनेक लोक असतात, आणि उपचाराची गरज असूनही आरएनए चाचणीअभावी मागे राहणारेही असतात.

संसर्ग सापडला तर

हेपॅटायटिस सी सापडला तर बातमी बरीच चांगली आहे. ८ ते १२ आठवडे तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. या गोळ्या सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्यावे. दोन्ही विषाणू असतील तर सी नाहीसा होत असताना बी उसळी मारू शकतो. शिवाय उपचारापूर्वीच सिरोसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका पूर्णपणे जात नाही, त्यामुळे सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते. 'बरे झालो, आता डॉक्टरांकडे कशाला जायचे' असे म्हणून हा पाठपुरावा सुटतो आणि नेमका तिथेच घात होतो.

हेपॅटायटिस बीचे तसे नाही. टेनोफोविर किंवा एंटेकाविर यांसारखी औषधे विषाणूला दाबून ठेवतात, यकृताची हानी आणि कर्करोगाची शक्यता कमी करतात, पण बहुतेकांत त्याला मुळापासून काढत नाहीत. प्रत्येक बाधिताला लगेच औषध लागतेच असेही नाही. रक्तातील विषाणूचे प्रमाण, यकृताचे एएलटी नावाचे विकर, प्लेटलेट आणि यकृताचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी पाहून तो निर्णय होतो. हा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो, आणि त्यामुळे सिरोसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. म्हणून जोखीम असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करावी, सोबत डॉक्टर सांगतील तर अल्फा-फीटोप्रोटीन या यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्त तपासणीही करावी. हेपॅटायटिस डी हा विषाणू फक्त हेपॅटायटिस बीच्या आधाराने जगतो आणि यकृताची हानी झपाट्याने करतो. तो आहे का ते एकदा तपासून घ्यावे.

हेपॅटायटिस बी झालेल्या व्यक्तीच्या आईवडिलांची, भावंडांची, जोडीदाराची आणि मुलांची तपासणी ही ऐच्छिक बाब मानू नये. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो, त्यामुळे दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याची कात्री प्रत्येकाची वेगळी असावी. मात्र एका ताटात जेवण्याने, मिठी मारण्याने किंवा शेजारी झोपण्याने तो पसरत नाही. बाधिताचे ताट-पेला वेगळे काढणाऱ्या घरांत त्या माणसाचा अपमान तेवढा होतो, संरक्षण कुणाचेही होत नाही. संरक्षण लसीने होते.

ती लस म्हणजे कर्करोग टाळणारी पहिली लस होय. हेपॅटायटिस बीचा शोध लावणाऱ्या बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लस उपलब्ध झाली. तैवानने १९८४ साली राष्ट्रीय लसीकरण सुरू केले, आधी बाधित मातांच्या बाळांसाठी आणि दोन वर्षांनी सर्व नवजात बालकांसाठी. लस मिळालेल्या पिढीत लहान मुलांमधील यकृताचा कर्करोग ठळकपणे कमी झाला. नवजात बाळाला पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि आई बाधित असेल तर या २४ तासांचे मोल फार मोठे आहे. अशा गर्भवतीच्या रक्तात विषाणूचे प्रमाण जास्त असेल, तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर देऊन बाळाचा धोका आणखी कमी करता येतो. म्हणून गर्भारपणातच ही तपासणी झालेली असावी. प्रौढांसाठी लसीच्या नेहमीच्या वेळापत्रकात तीन मात्रा असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

एकमेकांना बळ देणारे घटक

यानंतर येतात सवयी आणि शरीराची अवस्था. येथे समजून घेण्याची मुख्य गोष्ट अशी की हे धोके पुष्कळदा केवळ एकावर एक साचत नाहीत, तर एकमेकांचा परिणाम वाढवतात. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अफ्लाटॉक्सिनचे आहे. ॲस्परजिलस जातीची बुरशी दमट जागी साठवलेल्या मका, शेंगदाणे आणि इतर तेलबियांवर वाढते आणि हे विष तयार करते. यकृतपेशीतील पी-५३ या कर्करोगरोधक जनुकात ते एका ठराविक ठिकाणी बिघाड घडवते. हेपॅटायटिस बी आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले, की यकृताच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो. स्वयंपाकाच्या उष्णतेने हे विष पुरेसे नष्ट होत नाही. त्यामुळे बुरशीचा वास येणारे, रंग बदललेले, सुरकुतलेले किंवा फुटके दाणे निवडून टाकावेत, धुऊन-भाजून वापरण्याचा प्रयत्न करू नये. आणि धान्य पूर्ण वाळवून कोरड्या, हवाबंद भांड्यात ठेवावे.

दारूचे तसेच आहे. शरीरात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते थेट डीएनएला इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि मोठे आतडे या अवयवांच्या कर्करोगांशी दारूचा कारणसंबंध प्रस्थापित झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच तिला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. याच दारूने आतड्याच्या अस्तराची रोधक्षमता कमी होते, फुप्फुसांतील संरक्षक पेशी मंदावतात आणि न्यूमोनिया गंभीर होण्याची शक्यता वाढते. हेपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या माणसात ती सिरोसिसची वाटचाल वेगवान करते. अशा व्यक्तीसाठी 'थोडी चालते' असे कोणतेही सुरक्षित प्रमाण मी सुचवणार नाही. तिने दारू पूर्ण बंद करावी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी स्वतःहून थांबवू नये, कारण त्यातून झटके आणि वातभ्रम यांसारखी गंभीर लक्षणे उद्भवू शकतात. वैद्यकीय देखरेखीखाली ती सोडावी.

तंबाखूच्या धुरामुळे श्वासमार्गातील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि विषाणूंना बाहेर ढकलणारी यंत्रणा दुबळी होते. त्यामुळे फ्लूसारखे संसर्ग अधिक होतात आणि अधिक तीव्र होतात. तोच धूर अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगांना कारणीभूत असतो. न जाळता चघळण्याच्या तंबाखूला सुरक्षित पर्याय मानण्याची चूक अजूनही केली जाते. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड या तिन्हींचे कर्करोग तिच्यामुळे होतात. शिवाय तंबाखू ओढणाऱ्यांत एचपीव्हीचा संसर्ग अधिक काळ टिकतो. सोडताना निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध आणि समुपदेशन यांची जोड घेतली, तर यश मिळण्याची शक्यता निव्वळ निर्धारापेक्षा जास्त असते.

लठ्ठपणा आणि मधुमेह यांची जोडी हा या यादीतील सर्वांत वेगाने वाढणारा भाग आहे. पोटाच्या आतली चरबी सतत हलका दाह धुमसत ठेवते आणि रक्तातील इन्सुलिनची पातळी चढी ठेवते. या वातावरणात पेशी अधिक वेळा विभागतात. अन्ननलिकेचा ग्रंथीजन्य कर्करोग, जठराचा वरचा भाग, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड आणि मोठे आतडे या सर्वांचा धोका लठ्ठपणाने वाढतो. दुसऱ्या बाजूने, २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत आणि पुढे कोविडमध्येही लठ्ठ आणि मधुमेही रुग्ण अधिक गंभीर झाले. हेपॅटायटिस बीच्या लसीने तयार होणारी प्रतिपिंडेही वयस्क, लठ्ठ आणि तंबाखू ओढणाऱ्या व्यक्तींमध्ये कमी असू शकतात. यांपैकी कुणाला संसर्गाचा धोका सतत असेल, तर तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजून घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

कंबर मोजण्याची पद्धत साधी असली तरी बहुतेकजण चुकीच्या जागी मोजतात. पँटचा पट्टा जिथे बसतो ती जागा घेऊ नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपावी, दोहोंच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरावा, श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा, पोट आत ओढू नये. हा आकडा उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटावरची चरबी जोखमीच्या पातळीला आहे असे समजावे. यकृतात चरबी साठली असेल तर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के घट यकृताचा दाहही कमी करते, तेव्हा उद्दिष्ट 'सडपातळ होणे' असे न ठेवता या टक्केवारीत ठेवावे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रक्रिया केलेले मांस २०१५ पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सिद्ध कारण मानले जाते. ते शक्यतो टाळावे आणि तंतुमय अन्न वाढवावे.

उरलेले दोन-तीन संसर्ग

एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी, घेतल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. ती फक्त मुलींची लस नव्हे. गुदद्वाराचा आणि घशाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. एचआयव्हीबाधितांत गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका बराच वाढलेला असतो, त्यामुळे त्यांनी विशेष तपासणीबद्दल विचारावे आणि स्वतःचे एचआयव्हीचे औषध नियमित घ्यावे. एपस्टाइन-बार विषाणू ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्याची लस उपलब्ध नाही. त्याच्या रक्त तपासणीवर निरोगी माणसाने खर्च करण्यात काही हशील नाही.

हेलिकोबॅक्टरचा उपचार मात्र होतो. स्वतःला जठराचा व्रण किंवा दीर्घकाळचे अपचन असेल, अथवा आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी करावी. चाचणीपूर्वी किमान दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावी लागतात, अन्यथा जिवाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. गोळ्या बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी. ही दुसरी चाचणी बहुतेकजण करत नाहीत.

कर्करोगाचे उपचार सुरू होण्याआधी

हा भाग ज्यांच्या घरात आज कुणाला कर्करोगाचे निदान झाले आहे त्यांच्यासाठी आहे आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. केमोथेरपी, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना लक्ष्य करणारी रिटुक्सिमॅबसारखी औषधे सुरू झाल्यावर सुप्त हेपॅटायटिस बी पुन्हा जागा होऊन यकृत निकामी होऊ शकते, आणि कर्करोगाचा उपचार अर्ध्यावर थांबवावा लागतो. हे जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०२० साली केलेली शिफारस अशी की कर्करोगाची औषधे सुरू होताना प्रत्येक रुग्णाच्या वर सांगितलेल्या तिन्ही चाचण्या कराव्यात, आणि त्यासाठी उपचार लांबवू नयेत. गरज असेल त्यांना विषाणूरोधक गोळी सुरू केली जाते आणि ती केमोथेरपी संपल्यानंतरही काही महिने, रिटुक्सिमॅबसारख्या औषधांच्या बाबतीत किमान एक वर्ष, चालू ठेवावी लागते. पहिल्या भेटीतच "हेपॅटायटिस बीच्या तिन्ही चाचण्या झाल्या आहेत का?" हे विचारावे. फ्लूची आणि कोविडची लस रुग्णाला आणि घरातील सर्वांना देण्याबाबतही तेव्हाच बोलून घ्यावे. जिवंत विषाणू असलेल्या लसी मात्र केमोथेरपीच्या काळात रुग्णाला देत नाहीत.

कोणत्या तपासणीवर विसंबावे आणि कोणत्या नाही

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तीने ४५ ते ५० या वयापासून तपासणी सुरू करावी: दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी शौचातील सूक्ष्म रक्ताची चाचणी, किंवा दर दहा वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी). आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा ती सुरू करावी. शौचात रक्त सापडल्याचा अहवाल आला की तीच चाचणी पुन्हा करून पाहण्यात वेळ दवडू नये. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच असते.

याउलट सीईए, सीए १९-९ यांसारख्या कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या रक्त तपासण्या कसलेही लक्षण नसलेल्या माणसाने 'कर्करोग नाही ना' हे पाहण्यासाठी करू नयेत. धूम्रपान, पित्ताशयातील खडे, यकृताचा दाह अशा कारणांनीही हे आकडे चढतात आणि सुरुवातीच्या कर्करोगात ते पुष्कळदा अगदी सामान्य असतात. म्हणजे भीतीही खोटी आणि दिलासाही खोटा. यकृत 'स्वच्छ' करणारे काढे आणि चूर्णे तर हेपॅटायटिस असलेल्याने मुळीच घेऊ नयेत, कारण काही वनस्पतीजन्य औषधांनी यकृताला तीव्र इजा होते.

थांबू नये अशी लक्षणे

घास अडकणे, काळी डांबरासारखी शौच, शौचावाटे रक्त, कारण नसताना वजन घटणे, डोळे पिवळे होऊन लघवी गडद आणि शौच फिकट होणे, पोट फुगून त्यात पाणी साठणे, पन्नाशीनंतर अचानक मधुमेह उद्भवून त्याबरोबर वजनही उतरणे: यांतले काहीही दिसले की वर सांगितलेल्या नियमित तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. रक्त दिसले की मूळव्याधच असेल असे गृहीत धरले जाते आणि महिने निघून जातात. मूळव्याध असलेल्या माणसालाही कर्करोग होऊ शकतो. पुरुषांत आणि मासिक पाळी बंद झालेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग आढळला तर जठर आणि मोठे आतडे या दोन्हींची दुर्बिणीतून तपासणी करणे योग्य ठरते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढते खरे, पण रक्त कुठून जात होते हा प्रश्न तसाच राहतो, म्हणून आकडा सुधारला तरी कारण सापडेपर्यंत तपास चालू ठेवावा.